ट्रान्सफरची वाट: कम्युनिटी कॉलेजातल्या लॅटिनो मुलांना मदत करायला बसण्याआधी

कॅलिफोर्नियात राहणारे आपल्यातले काही जण आठवड्यातून दोन-तीन तास जवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये गणित, फिजिक्स नाहीतर प्रोग्रामिंग शिकवायला जातात. निवृत्त इंजिनियर असतात, नोकरी सांभाळून येणारे असतात, मुलं मोठी झाल्यावर घरातून बाहेर पडलेल्या बायका असतात. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि त्यांतले जवळजवळ निम्मे विद्यार्थी लॅटिनो आहेत, त्यामुळे टेबलापलीकडे बसलेला मुलगा मेक्सिकोहून नाहीतर एल साल्वादोरहून आलेल्या घरातला असण्याची शक्यता बरीच. पहिले दोन-तीन आठवडे तो डेरिव्हेटिव्ह विचारतो. मग एक दिवस वही मिटून विचारतो, "मला सॅन होजे स्टेटला जायचंय, तर हा क्लास घेऊ की तो?" इथे आपली गाडी अडते. आपण स्वतः भारतात पदवी घेऊन थेट मास्टर्सला आलेलो, या दारातून कधी आत गेलेलोच नाही.

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ठरवून टाका: तुम्ही काउन्सेलर नाही. कुठला क्लास घ्यावा याचं शेवटचं उत्तर कॉलेजच्या काउन्सेलरने द्यायचं. तुमचं काम मुलाला वेळेवर योग्य पानापर्यंत आणि योग्य माणसापर्यंत पोचवायचं. हे काम दिसतं त्याहून मोठं आहे. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २०१७ ते २०१९ दरम्यान ट्रान्सफरच्या, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाण्याच्या, इराद्याने शिकायला लागलेल्यांपैकी चार वर्षांत प्रत्यक्ष विद्यापीठात पोचले ते साधारण पाचातला एक. लॅटिनो आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं प्रमाण त्याहून कमी. ही मुलं हुशारीत कमी पडत नाहीत. अर्ज नोव्हेंबरात भरायचा असतो, पण घोडं पेंड खातं ते त्याच्या दीड-दोन वर्षं आधी, पहिल्या सत्राचे विषय निवडताना. आणि पुन्हा एकदा मार्चमध्ये, पैशांच्या फॉर्मपाशी. म्हणून तुमचं लक्ष याच दोन ठिकाणी जास्त असू द्या.

आधी नकाशा

कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाचा एक आराखडा केला. वरच्या साधारण साडेबारा टक्के मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी. वरच्या एक तृतीयांशांना कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे कॅल स्टेट. बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेजचं दार उघडं, आणि तिथे दोन वर्षं नीट केली की पुढच्या दोन वर्षांसाठी वरच्या दोन्हींत जाण्याची सोय. यूसीचे पदवी देणारे नऊ कॅम्पस आहेत, कॅल स्टेटचे वीसहून जास्त. पदवी हातात पडते तेव्हा तिच्यावर विद्यापीठाचंच नाव असतं. पहिली दोन वर्षं कुठे काढली याचा त्यावर उल्लेखही नसतो.

आपल्याला समजायला सोपं म्हणजे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनियरिंगला जाणं. पण डिप्लोमावाल्याला एकच अभ्यासक्रम आखून दिलेला असतो, आणि शेवटी कॅप राउंडमध्ये गुणवत्ता यादीवर जागा मिळते. इथे अभ्यासक्रम मुलाने स्वतः जुळवायचा. सॅन होजे स्टेटच्या मेकॅनिकलला एक यादी लागते, यूसी डेव्हिसच्या मेकॅनिकलला दुसरी. कॉलेजच्या मांडवात मात्र शेकडो क्लास मांडलेले असतात आणि कुठलाही घ्यायची मुभा असते. एवढी मुभा घरात आधी कोणी कॉलेजला न गेलेल्या मुलाला महागात पडते.

(आपल्याकडे कम्युनिटी कॉलेज म्हटलं की नाक मुरडायची सवय आहे. क्युपर्टिनोच्या डी अँझात जाऊन पाहा, आपलीच किती मुलं तिथून बर्कलीला जायच्या तयारीत बसलेली असतात. ती सवय घरी ठेवून या. समोरच्या मुलाला ती लगेच कळते.)

पायरी पहिली: माणसं शोधून द्या

नव्या मुलाला पहिला प्रश्न "तुझं मेजर (पदवीचा मुख्य विषय) काय?" असा टाकू नका. "तुझा काउन्सेलर कोण? त्याला शेवटचं कधी भेटलास?" असं विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं की अॅडमिशन घेताना ऑनलाइन एकदा बोललो होतो. मग त्याच बैठकीत, तुमच्यासमोर, त्याच्या फोनवरून काउन्सेलरची वेळ घ्यायला लावा. 'एज्युकेशन प्लॅन' बनवायचा आहे असं कारण टाकायला सांगा. नुसती शंका विचारायला गेलेल्याला पंधरा मिनिटं मिळतात. प्लॅन बनवायला गेलेल्याला सहसा जास्त वेळ मिळतो आणि सत्रवार विषयांचा कागद हातात पडतो.

त्यानंतर कार्यक्रम. ईओपीएस हा राज्याने १९६९ मध्ये सुरू केलेला कार्यक्रम कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी आहे: स्वतंत्र काउन्सेलर, पुस्तकांसाठी मदत, आणि बहुतेक ठिकाणी रजिस्ट्रेशनला इतरांच्या आधी नंबर. शेवटचा फायदा लहान समजू नका. केमिस्ट्रीच्या लॅबच्या जागा पहिल्या काही दिवसांतच भरतात; ज्याचा नंबर उशिरा, त्याचं सत्र गेलं. पुएन्ते हा कार्यक्रम १९८१ मध्ये हेवर्डच्या शाबो कॉलेजात सुरू झाला, तो खास लॅटिनो मुलांना डोळ्यांसमोर ठेवून, पण प्रवेश सगळ्यांना. इंग्रजीचा वर्ग, कायमचा एकच काउन्सेलर आणि समाजातला एखादा नोकरी-व्यवसायातला मार्गदर्शक, अशी तिहेरी मांडणी. गणित-विज्ञानवाल्यांसाठी मेसा. ज्या कॉलेजात हे तिन्ही आहेत तिथल्या मुलाने निदान एकात तरी नाव घातलेलं असायलाच हवं.

एक सावधगिरी. ज्या संस्थांत किमान पाव विद्यार्थी लॅटिनो असतात त्यांना केंद्र सरकार वेगळी मान्यता देतं आणि त्या मान्यतेवर अनुदानं मिळत. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्रीय शिक्षण खात्याने त्यातल्या ऐच्छिक अनुदानांचा पैसा थांबवला. तेव्हा वेबसाइटवर दिसणारं एखादं केंद्र किंवा शिकवणी आज चालू आहे का, हे फोन करून विचारा. ईओपीएस आणि पुएन्ते राज्याच्या पैशावर चालतात, त्यांची गोष्ट वेगळी.

पायरी दुसरी: पहिल्या सत्रात गणित

पूर्वी कम्युनिटी कॉलेजात आलेल्या मुलाची परीक्षा घेऊन त्याला शाळेतल्या पातळीच्या गणितात बसवायचे. तो एक क्लास, मग त्यापुढचा, मग आणखी एक. खरं कॉलेजचं गणित येईपर्यंत मुलं गळून जायची, आणि त्यात लॅटिनो मुलं जास्त असायची. २०१७ च्या एका कायद्याने ही रीत मोडली. आता शाळेतले ग्रेड बघून मुलाला थेट विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या गणितात आणि इंग्रजीत घालतात. २०२२ च्या कायद्याने हे आणखी पुढे नेलं आणि विज्ञान-इंजिनियरिंगची बरीच मुलं आता थेट कॅल्क्युलसला बसतात.

चांगलं आहे, पण याचा भार ट्यूटरवर येतो हे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळेल. कॅल्क्युलसच्या वर्गात बसलेल्या मुलाचा अपूर्णांक कच्चा असतो. त्याला "हे तर आठवीचं आहे" असं एकदा जरी म्हणालात तरी तो पुन्हा यायचा नाही.

इंजिनियरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्या मुलाने गणित पुढे ढकललं की सगळंच पुढे जातं. कॅल्क्युलस एक झाल्याशिवाय इंजिनियरिंगचं फिजिक्स मिळत नाही, कॅल्क्युलस दोनशिवाय त्यापुढचं फिजिक्स नाही, आणि यूसीला तर ही सगळी साखळी ट्रान्सफरच्या आधी पुरी हवी. एखादा मुलगा "आधी सोपे विषय उरकतो, गणित नंतर बघू" म्हणाला तर तिथेच थांबवा. सोपे विषय कधीही होतात. गणिताला चार सत्रं लागतात म्हणजे चार लागतात.

सायकॉलॉजीसारख्या मेजरवाल्यांसाठी बऱ्याचदा स्टॅटिस्टिक्स पुरतं. त्यांना विनाकारण कॅल्क्युलसला बसवू नका. आपल्या लोकांना "गणित घे, सगळीकडे उपयोगी पडतं" असं सांगायची खोड असते.

पायरी तिसरी: असिस्ट उघडून बसा

असिस्ट डॉट ऑर्ग ही राज्याची अधिकृत साइट आहे. कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला क्लास कुठल्या यूसी किंवा कॅल स्टेटमध्ये कशाच्या बदल्यात धरतात, ते इथे लिहिलेलं असतं. मुलाच्या फोनवर उघडा, तुमच्या लॅपटॉपवर नको; घरी गेल्यावर त्याला ती स्वतः सापडायला हवी.

वर तीन गोष्टी निवडायच्या: वर्ष, आपलं कॉलेज, आणि जायचं विद्यापीठ. मग मेजरची लांबलचक यादी येते. मेजरवर बोट ठेवलं की दोन रकाने उघडतात. डाव्या बाजूला विद्यापीठाचा विषय, उजव्या बाजूला आपल्या कॉलेजचा. समजा डावीकडे फिजिक्सचे दोन विषय एका चौकटीत बांधले आहेत आणि उजवीकडे आपले तीन, मध्ये 'अँड'. याचा अर्थ तिन्ही पुरे केले तरच ते दोन धरले जातील. दोन करून निघून आलेल्याच्या हातात त्या चौकटीपुरतं काहीच पडत नाही. हे 'अँड' मुलांच्या नजरेतून नेमकं सुटतं, कारण फोनच्या स्क्रीनवर ते बारीक अक्षरात येतं. 'ऑर' असेल तर कुठलाही एक चालतो. आणि "नो कोर्स आर्टिक्युलेटेड" दिसलं तर घाबरायचं नाही. त्या विषयाला आपल्या कॉलेजात जोडच नाही. शेजारच्या कॉलेजात तो मिळतो का हे त्याच साइटवर बघा, नाहीतर विद्यापीठात गेल्यावर करायचा.

निदान तीन विद्यापीठांची पानं काढा: एक घराजवळचं, एक मनातलं, एक हमखास मिळणारं. तिन्हींत समान असलेले विषय आधी घ्यायचे. आता २०२५ पासून कॉलेजांतल्या काही विषयांना राज्यभर एकच क्रमांक मिळतोय, इंग्रजीचा पहिला विषय सगळीकडे 'इंग्लिश सी १०००' होतोय. जुन्या नावाने विषय केलेला मुलगा नव्या यादीत तो शोधत बसतो आणि सापडला नाही म्हणून गडबडतो. दोन्ही नावं कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये शेजारी शेजारी दिलेली असतात.

युनिटचा, म्हणजे क्रेडिटचा, हिशेबही इथेच करून घ्या. ट्रान्सफरला ६० सेमेस्टर युनिट लागतात, म्हणजे ९० क्वार्टर युनिट. डी अँझा, फूटहिल अशी कॉलेजं क्वार्टरवर चालतात, तिथला मुलगा ६० झाले म्हणून निवांत बसला की अडकतो.

पायरी चौथी: काल-गेटसी की एडीटी, हे ठरवा

मेजरच्या विषयांखेरीज सर्वसाधारण शिक्षणाचा एक गठ्ठा असतो. २०२५ च्या फॉल सत्रापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी यूसी आणि कॅल स्टेट दोघांना चालेल असा एकच नमुना आहे, काल-गेटसी: ११ विषय, ३४ युनिट. इंग्रजी, क्रिटिकल थिंकिंग, भाषण, गणित, कला, सामाजिक शास्त्रं, विज्ञान आणि एक एथनिक स्टडीज. इथे बरीच लॅटिनो मुलं चिकानो (मेक्सिकन-अमेरिकन) स्टडीज घेतात आणि कॉलेजात पहिल्यांदा आपल्याच लोकांबद्दल वाचतात. सी ग्रेड लागतो. सी मायनस चालत नाही. आधीपासून शिकणाऱ्यांना जुना नमुना चालू शकतो, तो कुठला हे काउन्सेलरच सांगेल.

एडीटी ही ट्रान्सफरसाठीची असोसिएट डिग्री, २०१० च्या कायद्याने आलेली. ती घेतली की कॅल स्टेटमध्ये कुठेतरी जागा नक्की आणि तिथे आणखी ६० युनिटांत पदवी. "कुठेतरी" हा शब्द मुलाच्या घरी नीट समजावून सांगा. सॅलिनासच्या मुलीला घराजवळ राहायचं असेल आणि हमी मिळाली हमबोल्टची, म्हणजे साधारण सात तासांच्या ड्राइव्हची, तर घरचे ती हमी मानणार नाहीत.

आणखी एक गुंता. आता कॉलेजात नाव घालताना 'ट्रान्सफर' लिहिलं की त्या मेजरची एडीटी असल्यास मुलाला आपोआप त्याच वाटेवर घालतात. कॅल स्टेटला जायचं असेल तर उत्तम. यूसीला इंजिनियरिंगला जायचं असेल तर ते मोडून घ्यावं लागतं, कारण तिथे सर्वसाधारण गठ्ठा पुरा करण्यापेक्षा मेजरचे विषय पुरे असणं महत्त्वाचं.

पायरी पाचवी: जुने ग्रेड बाहेर काढा

हल्ली शाळेतच कॉलेजचे क्लास घ्यायची सोय असते. दहावीतल्या मुलाने मित्रांबरोबर उन्हाळ्यात एक ऑनलाइन क्लास घेतला, अर्ध्यात सोडला, डी नाहीतर एफ लागला, तो विसरून गेला. तो ग्रेड कॉलेजच्या दप्तरात कायमचा असतो. यूसी अर्जाच्या वेळी ट्रान्स्क्रिप्ट मागत नाही, मुलाने सगळं स्वतः भरायचं असतं. जुलैत खरी ट्रान्स्क्रिप्ट आली आणि त्यात न सांगितलेला विषय निघाला तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. म्हणून पहिल्याच सत्रात विचारा: शाळेत असताना कुठल्या कॉलेजात नाव घातलं होतंस? दुसऱ्या कुठल्या कॉलेजात एखादा विषय केलास? प्रत्येक ठिकाणची अनधिकृत ट्रान्स्क्रिप्ट डाउनलोड करून एका फोल्डरमध्ये ठेवायला लावा. वाईट ग्रेड असेल तर तो विषय पुन्हा करून बदलता येतो का हे पाहायला अजून वेळ असतो.

पायरी सहावी: वर्षाचं वेळापत्रक

ज्या फॉलमध्ये विद्यापीठात जायचं, त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबरात टॅग भरायचा. टॅग म्हणजे यूसीची प्रवेशहमी; डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस देतात, बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो देत नाहीत. एकाच कॅम्पससाठी भरता येतो, सगळी मेजर त्यात नसतात, आणि तोपर्यंत ३० युनिट झालेले हवेत. टॅग भरला म्हणजे अर्ज झाला असं समजून नोव्हेंबर घालवणारी मुलं दरवर्षी भेटतात. अर्ज वेगळा भरायचाच असतो.

अर्जाच्या खिडक्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात उघड्या असतात, यूसी आणि कॅल स्टेट दोन्हींच्या. शेवटच्या रात्री साइट रडतात, ते काही नवीन नाही. यूसीचं अर्जशुल्क पात्र मुलांना चार कॅम्पसपर्यंत माफ होतं; अर्जातच विचारतात, तिथे उत्पन्न खरं भरायचं. कॅल स्टेटच्या अर्जात ईओपी नावाचा जोडभाग असतो, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी. तो पर्यायी म्हणून मुलं सोडून देतात. सोडू देऊ नका.

जानेवारीत यूसी फॉल सत्राचे ग्रेड आणि पुढच्या सत्राचे विषय पुन्हा मागते. एखादा क्लास सोडला असेल तर तो तेव्हा सांगायचा, लपवायचा नाही.

पायरी सातवी: निबंध

यूसीला चार उत्तरं लागतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. एक सक्तीचं, मेजरच्या तयारीबद्दल. बाकी तीन सातांतून निवडायची. कॅल स्टेटला सहसा निबंध नाही.

१९९६ च्या प्रपोझिशन २०९ मुळे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांना प्रवेश देताना वंश पाहता येत नाही. "मी लॅटिना आहे" एवढं लिहून काही साधत नाही. पण आयुष्यात काय केलं ते लिहायला कोणाची ना नाही, आणि नेमकं तेच ही मुलं लिहीत नाहीत. एका मुलीचा पहिला मसुदा होता: मी कष्टाळू आहे, मला समाजासाठी काही करायचं आहे. गप्पा मारता मारता कळलं की वडिलांचा बागकामाचा धंदा आहे आणि बाराव्या वर्षापासून गिऱ्हाइकांना इंग्रजीत फोन करणं, बिलं बनवणं, थकलेल्या पैशांचा तगादा लावणं हे सगळं तीच करते. बिझनेस मेजरच्या अर्जात हे नव्हतं! "ते घरचं काम आहे, त्यात काय लिहायचं?" असं तिचं म्हणणं. धाकट्या भावंडांना सांभाळणं, दवाखान्यात आईसाठी दुभाषा होणं, रात्रपाळी, हे सगळं अर्जातल्या कामाच्या रकान्यातही बसतं, तासांसकट. तुम्ही प्रश्न विचारा आणि ऐका. वाक्यं तिची राहू द्या.

पायरी आठवी: पैसा

इथे वेळ द्या. प्रवेश मिळूनही न जाणारी मुलं इथेच अडतात.

कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर, आणि कमी उत्पन्नाच्या मुलांना तीही माफ. त्यामुळे दोन-तीन वर्षं पैशाच्या फॉर्मकडे दुर्लक्ष करूनही चालून जातं. मग विद्यापीठाचा आकडा समोर येतो आणि घर हादरतं. मदत भरपूर असते. यूसीत ठराविक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांची ट्यूशन पूर्णपणे भागवली जाते. पण तारीख पाळावी लागते. सापळा असा: कम्युनिटी कॉलेजात राहणाऱ्यांना कॅल ग्रँटसाठी, म्हणजे राज्याच्या मदतीसाठी, २ सप्टेंबरपर्यंत दुसरी संधी असते. मुलं तीच तारीख डोक्यात धरून बसतात. विद्यापीठात जाणाऱ्यासाठी तारीख २ मार्च, म्हणजे प्रवेशाचा निकाल कळायच्या आधी. अर्ज केलेल्या सगळ्या विद्यापीठांची नावं फॉर्ममध्ये घालायला सांगा, नुसतं कम्युनिटी कॉलेजचं नको.

फॉर्म दोन आहेत. नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी केंद्राचा फाफ्सा. कागदपत्रं नसलेल्या पण राज्यात शाळा-कॉलेज शिकलेल्या मुलांसाठी राज्याचा ड्रीम अॅक्ट अर्ज. त्यांना राज्यातल्या रहिवाशांची फी लागते ती २००१ च्या एबी ५४० कायद्यामुळे. मुलगा नागरिक पण आईवडिलांकडे कागद नाहीत, अशी घरं पुष्कळ. आईवडिलांची माहिती केंद्राकडे जाण्याची धास्ती वाटते म्हणून ती फाफ्सा भरत नाहीत. २०२४ पासून अशा घरातल्या मुलाला राज्याच्या मदतीपुरता ड्रीम अॅक्ट अर्ज भरायची वाट मिळाली आहे. मात्र त्यावर केंद्राची पेल ग्रँट (परत न करायची मदत) मिळत नाही. भरायचं की नाही हा निर्णय त्या कुटुंबाचा. बऱ्याच कॉलेजांत मोफत इमिग्रेशन वकिलाचा सल्ला मिळतो, तिकडे पाठवा.

आणि हा नियम पाळाच: कागदपत्रांबद्दल तुम्ही होऊन विचारायचं नाही. "दोन फॉर्म असतात, तुला कुठला लागू पडतो हे आर्थिक मदत कार्यालयात विचार" एवढं पुरे. मुलाने स्वतःहून सांगितलं तर ते टेबलापाशीच ठेवायचं, वहीत लिहायचं नाही, ईमेलमध्ये तर नाहीच.

सॅलिनास खोऱ्यात आणखी एक अडचण असते. नोव्हेंबरच्या सुमारास तिथला लेट्यूसचा हंगाम संपून काम अॅरिझोनातल्या युमाकडे सरकतं. आई किंवा वडील, कधी दोघंही, मार्च-एप्रिलपर्यंत तिकडे. नेमक्या याच महिन्यांत फाफ्सासाठी पालकाचं स्वतंत्र खातं लागतं, त्याने संमती द्यावी लागते, सही करावी लागते. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकालाही खातं काढता येतं, पण ओळख पटवायला वेळ जातो. ऑक्टोबरात, माणसं घरात असताना, एका रविवारी पालकाचं खातं काढून ठेवायला सांगा. पासवर्ड पालकाच्याच फोनमध्ये. मुलाने वडिलांच्या वतीने खातं काढून स्वतःचा ईमेल टाकला की पुढे दोघांची खाती एकमेकांत अडकतात.

पेल ग्रँट आयुष्यात बारा पूर्ण वेळ सत्रांपुरतीच मिळते. पाच वर्षं कम्युनिटी कॉलेजात इकडचे तिकडचे क्लास केलेल्याकडे विद्यापीठासाठी किती उरते, ते मोजा. पहिल्या सत्रातली निवड महत्त्वाची म्हणतो ती यासाठीही.

स्कॉलरशिपांत हिस्पॅनिक स्कॉलरशिप फंड ही १९७५ पासूनची संस्था ट्रान्सफरच्या मुलांनाही घेते. कॉलेजच्या स्वतःच्या फाउंडेशनचे पैसे मात्र कोणी मागत नाही म्हणून पडून राहतात. तो अर्ज सहसा एकच असतो आणि एका तासात होतो.

पायरी नववी: घरच्यांशी बोलणं

मुलगा यूसी सांता क्रूझला निघाला की घरातला एक पगार, एक ड्रायव्हर आणि एक दुभाषा जातो. हे हिशेब खरे आहेत. "मुलांना स्वातंत्र्य हवं" असं आपलं तत्त्वज्ञान तिथे चालत नाही. जवळच्या कॅल स्टेटला घरून जाणं-येणं करणं ही कमी प्रतीची निवड मानू नका. सॅलिनासच्या हार्टनेल कॉलेजने आणि कॅल स्टेट मॉन्टरे बेने २०१३ मध्ये मिळून कॉम्प्युटर सायन्सची तीन वर्षांची पदवी सुरू केली, ती याच घरांकडे पाहून: मुलं एका गटाने शिकतात आणि घरापासून लांबही जात नाहीत.

दूर जायचं ठरलंच तर आईवडिलांना कॅम्पस दाखवायला न्यायला सांगा. बऱ्याच कॅम्पसवर स्पॅनिशमध्ये पालकांचा कार्यक्रम असतो. वसतिगृहाची खोली, जेवणाची सोय, रात्री बस किती वाजेपर्यंत, हे आईने स्वतः पाहिलं की निम्मा विरोध मावळतो. पालकांशी बोलताना सेन्योर, सेन्योरा आणि 'उस्तेद' वापरा. आपण 'अहो-जाहो' करतो तसंच.

पायरी दहावी: निकालानंतर

यूसीचे निकाल एप्रिलअखेरपर्यंत येतात आणि होकार १ जूनपर्यंत कळवायचा असतो. होकार देण्याआधी सगळ्या कॅम्पसची मदतीची पत्रं शेजारी ठेवून कर्ज वजा करून उरलेला आकडा पाहायचा. कर्जही 'मदत' म्हणून मोजलेलं असतं.

मग तीन कामं, आणि तिन्ही कॉलेज आपणहून करत नाही. काल-गेटसीचं प्रमाणपत्र मागवून विद्यापीठाला पाठवणं. एडीटी असेल तर पदवीसाठी वेगळा अर्ज करणं, आणि त्याची तारीख वसंत सत्राच्या सुरुवातीलाच असते. आणि प्रत्येक कॉलेजची अंतिम ट्रान्स्क्रिप्ट जुलैच्या सुरुवातीला पोचवणं, शाळेत असताना केलेल्या त्या एका क्लासच्या कॉलेजचीसुद्धा. शेवटच्या सत्रात प्रवेश मिळाल्याच्या आनंदात डी आला तर प्रवेश जाऊ शकतो. असं काही झालं तर विद्यापीठाने विचारायच्या आधी मुलाने स्वतः प्रवेश कार्यालयाला लिहायचं. बरीच प्रकरणं उन्हाळ्यात तो विषय पुन्हा करून निभावतात.

ओरिएंटेशनची पहिली मिळेल ती तारीख घ्यायला सांगा, कारण विषयांची नोंदणी त्याच दिवशी होते आणि ऑगस्टमध्ये येणाऱ्याला उरलेले क्लास मिळतात. पहिल्या सत्रात बहुतेकांचे ग्रेड थोडे घसरतात, विशेषतः सेमेस्टरवरून दहा आठवड्यांच्या क्वार्टरवर गेलेल्यांचे. तिसऱ्या आठवड्यात मिडटर्म येऊन उभी राहते. पहिल्या क्वार्टरला कामाचे तास कमी ठेवावेत आणि कॅम्पसवरच्या ट्रान्सफर सेंटरमध्ये पहिल्याच आठवड्यात नाव घालावं. मुलाने तुमचा नंबर मागितला तर द्या. बहुतेक जण ऑक्टोबरात फोन करतात, आणि प्रश्न पुन्हा डेरिव्हेटिव्हचाच असतो.